दिवाळीच्या माळेत कॉम्प्युटर घालायचाय? आधी अँपिअर मोजा

बाजारातल्या साध्या चायनीज माळेला एक बटण असतं, ते दाबत राहिलं की ती सात-आठ प्रकारे लुकलुकते आणि मग परत पहिल्यापासून, वेगळं काही हवं असेल तर सोय नाही. कॉम्प्युटरवरची रोषणाई म्हणजे ते 'वेगळं काही' स्वतः ठरवायचं, कुठला दिवा कुठल्या क्षणी कुठल्या रंगात लागणार इथपर्यंत, आणि वाटलं तर गाण्याच्या ठेक्यावर. गॅलरीचं ग्रिल असो, आकाशकंदील असो नाहीतर गणपतीचं मखर, हे घरी जमण्यासारखं आहे. पण सगळे सुरुवात सॉफ्टवेअरपासून करतात, आणि अडतात ते वायरिंगवर.

हा छंद वाढला तो अमेरिकेत, ख्रिसमसमुळे. १८८२ मध्ये एडिसनच्या एका सहकाऱ्याने, एडवर्ड जॉन्सनने, न्यूयॉर्कच्या आपल्या घरात ख्रिसमसच्या झाडाला ८० लाल-पांढरे-निळे बल्ब लावले होते आणि ते झाड मोटरवर गोल फिरत होतं. मग एकदम २००४ ला या, ओहायो राज्यातल्या मेसन गावात कार्सन विल्यम्स नावाच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरने घरावर १६,००० दिवे लावून गाण्यावर नाचवले, त्याचा व्हिडिओ पुढच्या वर्षी जगभर फिरला. त्याच्याकडे कंट्रोलचे चॅनल होते ८८. म्हणजे दिव्यांची एक अख्खी माळ एकत्र चालू, एकत्र बंद, अशा ८८ जागा. आज पाच मीटरच्या, ३०० दिव्यांच्या एका पट्टीत आपल्याला ९०० चॅनल मिळतात, कारण आता प्रत्येक दिव्याला स्वतःची चिप असते आणि त्यातल्या लाल, हिरव्या, निळ्याला एकेक चॅनल.

ही चिपवाली पट्टी म्हणजे डब्ल्यूएस२८१२बी, दुकानात 'पिक्सेल एलईडी' किंवा 'अ‍ॅड्रेसेबल स्ट्रिप' म्हणा, देतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, नाहीतर ऑनलाइन आहेच. वायरी फक्त तीन, प्लस, मायनस आणि डेटा. आता तीनशे दिवे आणि डेटाची वायर एकच, मग कुठल्या दिव्याला काय सांगितलं हे कळतं कसं? आरतीनंतर पेढ्यांचा बॉक्स रांगेतून पुढे जातो ना, प्रत्येक जण वरचा एक पेढा उचलतो आणि बॉक्स शेजारच्याला देतो, अगदी तसं. पहिली चिप डेटातले पहिले २४ बिट स्वतःला ठेवते, हिरव्याचे आठ, लालचे आठ, निळ्याचे आठ, आणि उरलेलं सगळं पुढे ढकलते. एका बिटला १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे एका दिव्याला ३० आणि ३०० दिव्यांना ९ मिलिसेकंद. सेकंदाला शंभरेक वेळा अख्खी पट्टी नव्याने रंगवता येते, डोळ्याला एवढं लागतही नाही. यातूनच एक तोटाही येतो, मधला एक दिवा मेला की त्याच्यापुढची पूर्ण रांग गप्प. तेव्हा अर्धी पट्टी बंद दिसली तर अख्खी बदलू नका, पहिला बंद दिवा आणि त्याच्या आधीचा शेवटचा चालू दिवा, दोष बहुतेक या दोघांतच असतो.

आता खरा विषय, करंट. एका दिव्यात तीन छोटे एलईडी, प्रत्येकी साधारण २० मिलिअँपिअर, म्हणजे पूर्ण पांढरा लावला तर ६०. ३०० दिवे गुणिले ६०, झाले १८ अँपिअर, ५ व्होल्टवर ९० वॅट! मोबाईलचा साधा २ अँपिअरचा चार्जर यात तीसेक दिव्यांनंतरच हात टेकतो. बरं, मोठी एसएमपीएस, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करून देणारा पॉवर सप्लाय, आणली तरी पट्टीतला तांब्याचा थर पातळ, त्यातून एवढा करंट जाताना व्होल्टेज पडत जातं. मग शेवटच्या टोकाला पांढरा रंग पिवळट आणि पुढे लालसर दिसायला लागतो, आणि लोक म्हणतात माल खराब आला. माल खराब नसतो हो. निळ्या आणि हिरव्या एलईडीला पेटायला तीनेक व्होल्ट लागतात, लालला दोनच्या आसपास पुरतात, त्यामुळे व्होल्टेज कमी पडलं की निळा-हिरवा आधी माघार घेतो आणि लाल टिकून राहतो. उपाय साधा आहे, पट्टीला दोन्ही टोकांनी, जास्त लांब असेल तर मध्येही, जाड वायरने पॉवर द्यायची. किंवा १२ व्होल्टची पट्टी घ्यायची, तेवढ्याच ९० वॅटला तिथे साडेसात अँपिअरच लागतात, फक्त स्वस्तातल्या १२ व्होल्टवाल्यांमध्ये बऱ्याचदा तीन दिवे मिळून एक पिक्सेल असतो, म्हणजे तिघांचा रंग एकत्रच बदलतो, हे बघून घ्या.

आणि मुळात फुल ब्राइटनेस हवाय कुणाला? आपला डोळा उजेड सरळ हिशोबाने मोजत नाही, अंधारातला थोडा उजेडही त्याला भरपूर वाटतो, त्यामुळे ब्राइटनेस २५ टक्क्यांवर आणला तर दिसायला तो साधारण अर्धा दिसतो, करंट मात्र खरंच पावपट, १८ चे साडेचार अँपिअर. रात्री गॅलरीत एवढं पुरून उरतं, समोरच्या बिल्डिंगवाले पडदे लावून बसत नाहीत ते वेगळंच.

मेंदू म्हणून ईएसपी३२ नावाचा छोटा बोर्ड घ्या, वायफायवाला, काही शे रुपयांत येतो. त्यावर डब्ल्यूएलईडी हे फुकट ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाकायचं, यूएसबी केबल लावून ब्राउझरमधूनच जातं, कोडिंगची एक ओळ लिहावी लागत नाही. मग फोनवर त्याचं पान उघडतं, तिथे दिवे किती ते टाकायचं, आणि शंभरावर इफेक्ट तयार मिळतात. लाल निवडला आणि हिरवा लागला तर घाबरू नका, रंगांचा क्रम बदलायची सेटिंग आहे. तिथेच जास्तीत जास्त करंट किती घ्यायचा ही मर्यादाही घालता येते, ती पहिल्या दिवशीच घाला.

दोन गोष्टी मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. एक म्हणजे बोर्डचा ग्राउंड, म्हणजे त्याचा मायनस, आणि एसएमपीएसचा मायनस एकमेकांना जोडलेले पाहिजेत, नाहीतर डेटाला आधारच मिळत नाही आणि दिवे वाट्टेल तसे नाचतात. दुसरी, बोर्ड ३.३ व्होल्टचा सिग्नल देतो आणि ५ व्होल्टवरच्या चिपला कागदोपत्री ३.५ हवा असतो, वायर वीतभर असेल तर चालून जातं, लांबली की लुकलुक सुरू, मग मध्ये सिग्नल ३.३ चा ५ व्होल्ट करणारा लेव्हल शिफ्टर टाकायचा. आणि ती पत्र्याची एसएमपीएस असते ना, तिच्या स्क्रूंवर २३० व्होल्ट उघडे असतात, तेव्हा अर्थिंग, फ्यूज आणि बंद डबा यात कंजुषी नको, हे काम येत नसेल तर सरळ वायरमनला बोलवा. गणपतीत बाहेर लावणार असाल तर पाऊस धरून चाला, पट्टी आयपी६७, म्हणजे पाणी आत न जाणारी, घ्या, आणि जोड डब्याच्या आतच ठेवा.

गाण्यावर नाचवणं ही पुढची पायरी, त्याला कॉम्प्युटरवर एक्सलाइट्स हे सॉफ्टवेअर लागतं, तेही फुकट. घराच्या फोटोवर आपल्या पट्ट्या काढायच्या, खाली गाण्याची लाट दिसते, तिच्यावर ठेक्याच्या खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेला इफेक्ट द्यायचा. ५० मिलिसेकंदाची एक फ्रेम धरली तर तीन मिनिटांच्या गाण्यात ३,६०० फ्रेम होतात, एकेक हाताने करावी लागत नाही पण तरी एका गाण्याला कित्येक तास जातात, म्हणून पहिल्या वर्षी एकच आरती किंवा एकच गाणं घ्या. तिथे 'युनिव्हर्स' असा शब्द भेटेल, तो म्हणजे चॅनलचा एक गठ्ठा, त्यात ५१२ चॅनल, म्हणजे एका पिक्सेलला तीन धरून १७० पिक्सेल. हा विचित्र आकडा नाटकाच्या स्टेज लाइटसाठी १९८६ मध्ये ठरलेल्या डीएमएक्स५१२ पद्धतीतून आलाय, आपली ३०० ची पट्टी त्यामुळे दोन युनिव्हर्समध्ये बसते.

आवाजाचं काय? अमेरिकेत बरेच जण छोट्या एफएम ट्रान्समीटरवरून गाणं सोडतात, लोक गाडीतल्या रेडिओवर ऐकतात, विल्यम्सनेही तेच केलं होतं. आपल्याकडे असं परस्पर प्रसारण बिनपरवाना करता येत नाही, त्यामुळे गॅलरीत एक ब्लूटूथ स्पीकर, पण तो डेटापेक्षा थोडा उशिरा वाजतो, दिवे पुढे आणि ढोलकी मागे असं होतं, तेव्हा साधी ऑक्स वायर बरी. रात्री दहानंतर नुसते दिवे चालू ठेवा.