शहरांतला तापमानफरक आणि आघाड्यांचे वगळलेले दिवस

शहर आजूबाजूच्या मोकळ्या भागापेक्षा किती उबदार असते, हे पहिल्यांदा नीट मोजले गेले लंडनमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. रात्रीचा फरक सरासरी ३.७ अंश फॅरेनहाइट भरला. त्या नोंदींत ढगाळ, वादळी, निरभ्र असे सगळेच दिवस होते. हवामानातली ‘आघाडी’ मात्र त्यानंतर शंभर वर्षांनी आली, १९१९ च्या सुमारास नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये. महायुद्ध नुकतेच संपले होते, आणि दोन हवाराशी (थंड आणि उबदार हवेचे विस्तीर्ण साठे) जिथे भिडतात त्या सीमेला रणांगणावरचाच शब्द चिकटला.

हे दोन विषय एकत्र यायला हवे होते, पण फारकत झाली ती मोजण्याच्या पद्धतीमुळे. १९२७ मध्ये व्हिएन्नात मोटारीला तापमापक लावून शहरभर फिरण्याची पद्धत सुरू झाली. अशा फेरीला तास-दोन तास लागले, की नोंदी एकाच वेळेला आणून जुळवाव्या लागतात, आणि त्यासाठी तापमान सगळीकडे सावकाश उतरते असे धरावे लागते. मध्येच शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, आली की हे गणित कोलमडते. म्हणून आघाडीच्या रात्री टाळल्या गेल्या. वारा पडलेली, निरभ्र रात्र ‘आदर्श’ ठरली.

१९७३ मध्ये अशाच रात्रींवरून लोकसंख्या आणि कमाल फरक यांचे सूत्र मांडले गेले. उत्तर अमेरिकेतल्या दहा लाख वस्तीच्या शहरासाठी ते सुमारे १२ अंश सेल्सिअस देते. हा आकडा कमाल होता. पुढे तो जणू शहराचा रोजचाच फरक असल्यासारखा सांगितला जाऊ लागला, आणि माझ्या मते खरे नुकसान तिथे झाले.

वगळण्याच्या बाजूने मुद्दा आहे, आणि तो पोकळ नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाची आघाडी ४० किलोमीटर पसरलेले शहर ओलांडायला तासभर घेते. तेवढा वेळ शहराचे एक टोक थंड हवेत आणि दुसरे उबदार हवेत असते. हा फरक शहराने निर्माण केलेला नाही, त्यामुळे ‘उष्णतेच्या बेटा’च्या, म्हणजे शहरामुळे वाढलेल्या उष्णतेच्या, हिशेबात तो धरू नये हे बरोबरच. अडचण अशी की ‘उष्णतेचे बेट’ आणि ‘शहरांतर्गत तापमानफरक’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पहिल्या शब्दात कारण गृहीत आहे, दुसऱ्यात फक्त तापमापकाची नोंद. बेटाच्या हिशेबातून काढलेले दिवस मग शहराच्या हवामानातूनच गळाले.

त्या दिवसांत शहराचा हात नसतो, असेही नाही. न्यूयॉर्कवरून जाताना आघाड्या जमिनीलगत मंदावतात, हे १९७० च्या दशकातच दिसले होते. रात्रीचा खेळ तर आणखी विलक्षण. मोकळ्या भागात जमिनीलगत थंड हवेचा थर साचलेला असतो. शीत आघाडीचा वारा तो ढवळून काढतो आणि वरची उबदार हवा खाली येते. त्यामुळे थंड हवा येत असतानाही तिथला पारा काही काळ चढू शकतो. शहरात असा थर क्वचितच जमतो, तिथे पारा उतरतो. फरक दोन्ही बाजूंनी मिटतो. पुढे जास्त दाबाचा पट्टा सरकला, वारा पडला, आकाश स्वच्छ झाले, की तो पुन्हा वाढतो. ‘आदर्श’ म्हणून निवडलेल्या कित्येक रात्री अशा आघाडीच्याच पाठोपाठ आलेल्या असतात!

२०११ मध्ये सुमारे १९० अभ्यास तपासले गेले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांतले आकडे टिकणारे नव्हते. हवामानाची स्थिती न सांभाळणे हा त्यातला एक दोष. त्यानंतर वर्षभरातच ‘शहर’ आणि ‘ग्रामीण’ या ढोबळ जोडीऐवजी परिसरांचे १७ प्रकार सुचवले गेले. आता घरोघरच्या हवामानयंत्रांमुळे आघाडी गल्लोगल्ली सरकताना टिपता येते. पण त्या नोंदी गाळताना शेजारच्या यंत्रांशी न जुळणारा आकडा चुकीचा धरण्याची रीत आहे. आघाडी शहरात अर्ध्यावर असताना अचूक आकडाही शेजाऱ्याशी जुळत नाही, आणि तो पुन्हा वगळला जाऊ शकतो.