कानोकानी चालणारे सर्व्हर

उद्या इतवारीचा बाजार बंद, ही बातमी नागपुरात सकाळी बर्डीवरच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर निघाली की संध्याकाळपर्यंत महाल, धरमपेठ, कामठी रोड सगळीकडे पोचलेली असते. दवंडी कोणी पिटत नाही; ज्याला कळलं तो भेटेल त्याला सांगतो. हजारो सर्व्हर एकमेकांची खबर ठेवतात तेही असंच, वर मुकादम न नेमता. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत ॲलन डेमर्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ही पद्धत साथीच्या रोगांच्या गणितावरून मांडली. तिला गॉसिप प्रोटोकॉल म्हणतात.

नियम एवढाच: समजा, दर सेकंदाला बातमी कळलेल्या प्रत्येक मशीनने कुठलंही एक मशीन निवडून तिला ती सांगायची. सुरुवातीला कळलेल्यांची संख्या १, २, ४, ८ अशी वाढते. हजार मशीनना साधारण १७ फेऱ्या लागतात, दहा लाखांना ३४. पसारा हजारपट, वेळ फक्त दुप्पट!

घोडं अडतं ते शेवटी. बहुतेकांना कळलं की सांगणारे कळलेल्यांनाच पुन्हा सांगत बसतात, आणि राहिलेल्यांपैकी सुमारे ३७ टक्के दर फेरीत कोरडेच राहतात. म्हणून उलटंही करतात: प्रत्येक मशीन स्वतःहून कुणाला तरी ‘नवीन काय?’ विचारते. जिला विचारलं तीही अजाण निघाली तरच फेरी वाया जाते. त्यामुळे १० टक्के राहिलेले पुढच्या फेरीत १ टक्क्यावर येतात, त्यापुढच्या फेरीत ०.०१ टक्क्यावर.

पण अफवाही याच वेगाने पसरते. २० जुलै २००८ रोजी ॲमेझॉनची एस-थ्री साठवण सेवा सुमारे ८ तास बंद पडली. सर्व्हरच्या स्थितीच्या मोजक्या संदेशांत एकेक बिट, म्हणजे ० किंवा १ असा एक अंक, बिघडला होता. संदेश वाचता येत होते, मजकूर मात्र चुकीचा. ग्राहकांच्या फायलींना चेकसम, म्हणजे मजकूर बिघडला का हे ओळखणारा पडताळणीचा आकडा, होता; या आतल्या संदेशांना नव्हता. सर्व्हर ग्राहकांचं काम सोडून बहुतेक वेळ गॉसिपच करत राहिले. सगळा संवाद थांबवून, जमलेली स्थिती पुसून पुन्हा सुरुवात करावी लागली. स्वयंसंघटित यंत्रणा उभारणाऱ्याने आतल्या प्रत्येक संदेशाला चेकसम लावलाच पाहिजे, त्यात काटकसर नको.

पुसणं हे आणखी अवघड. नोंद नुसती पुसली, तर त्या वेळी बंद असलेलं मशीन परत येऊन तीच जुनी नोंद नवी म्हणून वाटू लागतं. म्हणून कॅसँड्रासारखे डेटाबेस ‘पुसली’ अशी खूण ठेवतात, मूळ सेटिंगप्रमाणे निदान १० दिवस. त्याहून जास्त दिवस बंद असलेलं मशीन तसंच जोडू नये. त्यातला डेटा काढून टाकून नव्या मशीनसारखं आत घ्यावं.