डर्बी

डर्बी : इंग्लंडच्या मध्यभागी डर्वेंट नदीकाठी वसलेले शहर. घोड्यांची शर्यत, टोपी, बूट, चीज, शेजाऱ्यांमधला फुटबॉल सामना आणि इंग्लंडबाहेरची काही गावे हीसुद्धा याच नावाने ओळखली जातात. ब्रिटनमध्ये उच्चार ‘डार्बी’ आणि अमेरिकेत ‘डर्बी’. मराठीत दुसरा रूढ आहे. हे नाव जगभर गेले त्याचे श्रेय शहराला कमी आणि दूर लँकाशरमध्ये राहणाऱ्या एका उमराव घराण्याला जास्त आहे.

शहर : रोमनांचा येथे तळ होता. नवव्या शतकात डेन लोक आले आणि डर्बी त्यांच्या पाच प्रमुख ठाण्यांपैकी एक झाले. डिसेंबर १७४५ मध्ये गादीवर हक्क सांगणारा चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट स्कॉटलंडहून फौज घेऊन येथवर आला आणि लंडन टप्प्यात असताना माघारी वळला. त्याआधीच, १७२१ च्या सुमारास, लोम बंधूंची रेशीम गिरणी डर्वेंटच्या पाण्यावर सुरू झाली होती. एका छपराखाली, एका पाणचक्कीवर सगळी यंत्रे चालवणाऱ्या जगातल्या पहिल्या कारखान्यांत तिची गणना होते. यंत्रांची रचना मात्र इटलीतून गुपचूप उचलून आणलेली! पुढे रेल्वेचे कारखाने आले, १९०८ मध्ये रोल्स-रॉइस आली आणि विमानांची इंजिने हीच शहराची ओळख बनली. इतके असून ‘सिटी’चा दर्जा मिळायला १९७७ उजाडले. चिनी मातीची नाजूक भांडी आणि सेज या सुगंधी वनस्पतीच्या पानांमुळे हिरव्या शिरा उठलेले ‘सेज डर्बी’ चीज यांची नावे मात्र थेट या परिसरावरून आली आहेत.

घराणे : बॉसवर्थच्या लढाईनंतर १४८५ मध्ये थॉमस स्टॅन्ली यांना ‘अर्ल ऑफ डर्बी’ हा किताब मिळाला. घराण्याची गढी लिव्हरपूलजवळच्या नोस्लीला. चौदावे अर्ल तीनदा पंतप्रधान झाले. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संपवून हिंदुस्थान राणीच्या अमलाखाली आणणारा १८५८ चा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला, आणि पहिले भारतमंत्री त्यांचेच चिरंजीव. हे चिरंजीव पुढे पंधरावे अर्ल व वसाहतमंत्री झाले. पश्चिम ऑस्ट्रेलियातले डर्बी हे बंदर त्यांच्या नावाचे.

शर्यत : बाराव्या अर्लनी ४ मे १७८० रोजी लंडनच्या दक्षिणेला एप्सम येथे तीन वर्षांच्या घोड्यांची शर्यत सुरू केली. नाव अर्लचे द्यायचे की त्यांचे स्नेही सर चार्ल्स बनबरी यांचे, हे नाणे उडवून ठरले असे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, पहिली शर्यत बनबरींच्याच डायोमेड या घोड्याने जिंकली. अंतर आधी एक मैल होते, १७८४ पासून दीड मैल झाले. १९१३ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एमिली डेव्हिसन येथेच धावत्या शर्यतीत राजाच्या घोड्यापुढे गेल्या आणि चार दिवसांनी मरण पावल्या.

एप्समच्या या शर्यतीचा दबदबा असा की कुठल्याही देशातल्या मानाच्या शर्यतीला ‘डर्बी’ म्हणू लागले. अमेरिकेतील केंटकी डर्बी १८७५ पासून धावते. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर १९४३ पासून ‘इंडियन डर्बी’ होते. २४०० मीटरच्या या शर्यतीत चार वर्षांची जनावरे उतरतात. पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्युटीफुल या घोडीने मारली. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी घोड्यांइतकेच लक्ष प्रेक्षकांच्या टोप्यांकडेही असते.

इतर उपयोग : गोल माथ्याच्या कडक ‘बोलर’ टोपीला अमेरिकेत डर्बी म्हणतात. डर्बी बूट ओळखायचा तर लेसकडे पाहावे. लेसची भोके असलेल्या दोन्ही पट्ट्या पुढच्या कातड्यावर वरून शिवलेल्या आणि खालच्या बाजूला सुट्या असतात; ऑक्सफर्ड बुटात त्या आत बंदिस्त. त्यामुळे चवडा उंच किंवा पाय रुंद असलेल्यांना डर्बी सोयीचा. मोडकी वाहने एकमेकांवर आदळवण्याच्या खेळाला ‘डर्बी’ का म्हणावे, याचे समर्थन करणे कठीण आहे.

एकाच शहरातल्या किंवा शेजारच्या दोन संघांतील सामना म्हणजेही डर्बी. कोलकात्यातील मोहन बागान–ईस्ट बंगाल ही आपल्याकडची सर्वांत गाजलेली. हा अर्थ कुठून आला यावर एकमत नाही. काही जण एप्समकडे बोट दाखवतात. काही जण डर्बी शहरात सेंट पीटर्स व ऑल सेंट्स या भागांत रंगणाऱ्या धसमुसळ्या चेंडूखेळाकडे. तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बंद पाडण्यात आला. खुद्द डर्बी शहराच्या डर्बी काउंटी या फुटबॉल क्लबची खुन्नस शेजारच्या नॉटिंगहॅम शहरातल्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबशी. ब्रायन क्लफ यांनी प्रशिक्षक म्हणून १९७२ मध्ये एका क्लबला आणि १९७८ मध्ये दुसऱ्याला इंग्लंडचे विजेतेपद मिळवून दिले. दोन्ही शहरांना जोडणारा रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.