सामायिक ऑनलाइन फळा : वर्गातील वापर

सामायिक ऑनलाइन फळा म्हणजे इंटरनेटवरचे एक कोरे पान. लिंक हाती असलेले सगळे जण आपापल्या फोनवरून किंवा संगणकावरून त्यावर एकाच वेळी लिहू शकतात, आकृत्या काढू शकतात, चिठ्ठ्या चिकटवू शकतात. एकाने ओढलेली रेघ बाकीच्यांना लगेच दिसते. शिक्षकांच्या बोलण्यात तो नुसता ‘व्हाइटबोर्ड’. भिंतीवरच्या टच पॅनेलशी मात्र त्याची गल्लत होते. पॅनेल हे उपकरण आहे आणि त्यावर एका वेळी एकदोघांचेच हात पोचतात. ऑनलाइन फळा हे सॉफ्टवेअर आहे, तो पॅनेल नसले तरी चालतो. एक प्रोजेक्टर आणि आठ-दहा फोन एवढ्यावर वर्ग होतो.

रचना

फळ्यावरची प्रत्येक रेघ, चौकट, चिठ्ठी ही स्वतंत्र वस्तू असते. तिची जागा, आकार आणि रंग आकड्यांत साठवलेले असतात आणि बदल झाला की तेवढाच बदल इतरांकडे जातो. त्यामुळे लिहिण्याला डेटा फार लागत नाही. डेटा खातात ते फोटो. फोनने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चिकटवला की हॉटस्पॉटवरचे सगळे फोन एकदम अडकतात. तो आधी २००-३०० केबीपर्यंत लहान करावा. दोघांनी एकच चिठ्ठी एकाच वेळी ओढली तर बहुतेक फळ्यांवर शेवटचा बदल टिकतो आणि दुसऱ्याचा जातो. मुलांना हे बिघाडासारखे वाटते, म्हणून ‘एका चिठ्ठीवर एकच हात’ हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाकलेला बरा.

उपलब्ध फळे

२०११ मध्ये ‘रिअलटाइमबोर्ड’ नावाने सुरू झालेला फळा २०१९ पासून ‘मिरो’ म्हणून ओळखला जातो. गूगलने २०१६ मध्ये जाहीर केलेला ‘जॅमबोर्ड’ शाळांत सहज रुळला होता, पण ३१ डिसेंबर २०२४ ला तो बंद झाला. ‘फिगजॅम’ २०२१ मध्ये आला. मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला आहे असा, ‘एक्सकॅलिड्रॉ’ २०२० चा. त्याला खाते लागत नाही, त्यामुळे शाळेसाठी सुरुवात करायला तोच सोयीचा. त्याची एक खोच आहे: लिंकमधील # या चिन्हापुढच्या भागात खोलीचा (म्हणजे त्या सामायिक फळ्याचा) क्रमांक आणि तिचे कुलूप उघडणारी किल्ली असते. लिंक खडूने फळ्यावर लिहून दिली आणि एका मुलाने एक अक्षर चुकवले, तर त्याला खोलीत शिरता येत नाही. क्यूआर कोड पडद्यावर दाखवावा, नाहीतर लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाकावी.

एक तास : पंचगंगेचे खोरे

कोल्हापुरातील नववीच्या वर्गाला हा विषय चांगला जुळतो, कारण नदी मुलांच्या ओळखीची असते, नकाशा मात्र नसतो. ४० मुले आणि ३५ मिनिटांची तासिका धरली तर चार-चार जणांचे दहा गट करावेत, गटाला एक फोन. चाळीस जणांना चाळीस फोन देऊन एका फळ्यावर सोडले की पहिली पाच मिनिटे नुसत्या बदामांची आणि सह्यांची होतात.

तयारी आदल्या दिवशी करायची. दहा चौकटी आखाव्यात आणि प्रत्येकीवर गटाचा क्रमांक मोठ्या अक्षरात घालावा. प्रत्येक चौकटीत जिल्ह्याची तीच बाह्यरेषा ठेवून तिला कुलूप लावावे. एक्सकॅलिड्रॉमध्ये वस्तू निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि एल दाबले की ती जागची हलत नाही. कुलूप विसरले तर तासाला कोणाच्या तरी बोटाने अख्खा जिल्हा सरकतो.

तासाला लिंक उघडून आत यायला सात-आठ मिनिटे जातात. पहिल्यांदा तर दहा. मग काम एकच : भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या चार नद्या काढा, प्रवाहाचा बाण दाखवा आणि पंचगंगा पुढे कुठे जाते ते लिहा. यासाठी दहा मिनिटे. परंपरेने पाचवी मानलेली सरस्वती गुप्त आहे. ती काढायची का, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच.

या तासाला हमखास होणारी चूक म्हणजे बाण. समुद्र पश्चिमेला आणि जवळ, म्हणून बरेच गट नदी पश्चिमेकडे वळवतात. प्रत्यक्षात सह्याद्रीच्या माथ्याच्या या बाजूला पडलेले पाणी पूर्वेकडे येते, प्रयाग चिखलीच्या संगमावरून कोल्हापूरला वळसा घालून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाते. दहा चौकटी पडद्यावर शेजारी शेजारी दिसत असल्या की उलटे बाण एका नजरेत दिसतात, आणि शिक्षकाला उरलेली पंधरा मिनिटे नेमकी कशावर घालवायची ते कळते. दहा वह्या तपासून हेच कळायला संध्याकाळ होते, तोवर तास संपलेला असतो. ऑनलाइन फळ्याचा खरा उपयोग इथे आहे. रंगीत चिठ्ठ्या हा त्यातला किरकोळ भाग. गणिताची पायरीपायरीने मांडणी दाखवायची असेल तर खडू-फळाच बरा.

पुढच्या तासाला त्याच फळ्यावर पुराचे काम घेता येते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. आपली गल्ली कोणत्या पातळीला पाण्यात गेली, हे मुलांना घरून विचारून चिठ्ठीवर आणायला सांगावे.

नेहमीच्या अडचणी

सर्वांत मोठी तक्रार पुसण्याची. ‘सर, ह्यानं आमचं पुसलं की!’ हे ऐकू आले की आधी पुसणाऱ्याच्याच फोनवर ‘अनडू’ दाबायला लावावे, कारण बहुतेक फळ्यांवर ‘अनडू’ ज्याचे त्याचे असते. शिक्षकाच्या संगणकावरून ते परत येईलच असे नाही. सगळे निवडून डिलीट केले तर फळा सर्वांसाठी कोरा होतो. म्हणून मुलांना आत घेण्यापूर्वी कोऱ्या चौकटींची एक प्रत जतन करावी.

दुसरी अडचण हरवण्याची. पान अमर्याद असल्याने बोट जरा जोरात सरकले की समोर नुसते पांढरे दिसते, आणि मूल सांगते की सगळे गेले. एक्सकॅलिड्रॉ आणि फिगजॅममध्ये शिफ्ट आणि १ दाबले की सगळे पुन्हा पडद्यात मावते. फोनवर कळफलक नसतो, तिथे मेनूतून तेच करावे लागते किंवा लिंक पुन्हा उघडावी.

देवनागरीचा प्रश्न वेगळा. हस्ताक्षरासारखे दिसणारे फॉन्ट बहुधा रोमन लिपीपुरतेच असतात. मराठी मजकूर साध्या फॉन्टमध्ये उमटतो आणि चिठ्ठीबाहेर सांडतो. चिठ्ठी थोडी मोठी ठेवावी. पीडीएफ करताना काही वेळा जोडाक्षरे तुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षरापासून सुटते. अशा वेळी पीएनजी चित्र म्हणून उतरवावे, अक्षरे जशीच्या तशी राहतात. टाइप करण्याऐवजी बोटाने मराठी लिहून मात्र फार वेळ वाचतो असे नाही.

नावे आणि खाती

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती ‘बालक’ आहे आणि बालकांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. मुलांची खाती न उघडता, पूर्ण नावाऐवजी ‘गट ४’ असे लिहून काम भागते. लिंक उघडी असते, ती ग्रुपमधून पुढे जाऊ शकते; तास संपला की सत्र थांबवावे.

जतन

जॅमबोर्ड बंद झाल्यावर त्यावरचे फळे पूर्वीसारखे उघडता आणि बदलता येईनासे झाले. तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांत दोन प्रती घ्याव्यात : पुन्हा बदलता येईल अशी मूळ फाइल आणि दहाही चौकटींचे एक चित्र. नावात इयत्ता, तुकडी, विषय आणि तारीख असावी. ‘नवीन फळा १’ ही फाइल महिन्याभराने कोणालाच सापडत नाही.