जुनी गो-कार्ट रस्त्यावर आणायचीय? आधी फॉर्म 22 कोण देणार ते बघा

मध्यंतरी एक मुलगा माझ्याकडे फाइल घेऊन आला. फाइल एकदम नीट लावलेली. आधार, पत्त्याचा पुरावा, स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला खरेदीचा करार, गाडीचे चारही बाजूंनी फोटो. गाडी म्हणजे बंद पडलेल्या ट्रॅकवरून विकत घेतलेली गो-कार्ट, म्हणजे ट्रॅकवर चालवायची छोटी, उघडी, बुटकी चारचाकी. चेसिस घासून पावडर कोटिंग केलेलं, पुढे एलईडी दिवे, मागे इंडिकेटर, दोन्ही बाजूंना बाइकचे आरसे, हॉर्नसुद्धा. आरटीओच्या खिडकीवरून तो दोनदा परत आला होता. "दिवे आहेत, हॉर्न आहे, अजून काय पाहिजे?" एवढाच त्याचा प्रश्न.

पाहिजे तो एक कागद, आणि तो त्याला कुणीच देऊ शकत नव्हतं.

नवीन वाहनाच्या नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 47 बघतात. अर्ज फॉर्म 20 मध्ये, सोबत फॉर्म 21 म्हणजे विक्रेत्याचा दाखला, विमा, पत्त्याचा पुरावा, फी. हे सगळं ठीक, यात कुणी अडकत नाही. अडकतात ते फॉर्म 22 पाशी. हे वाहन रस्त्यावर चालण्यायोग्य आहे, असा उत्पादकाने दिलेला तो दाखला. उत्पादक तो देऊ शकतो, कारण त्याने त्या मॉडेलचा नमुना नियम 126 खाली मान्यताप्राप्त संस्थेकडून, समजा पुण्याच्या एआरएआयकडून, तपासून घेतलेला असतो. गो-कार्ट बनवणाऱ्याने ती ट्रॅकसाठी बनवली. त्याने हा नमुना कधी तपासायला दिलाच नाही, मग दाखला कुठून देणार? गॅरेजवाल्याचा, वेल्डरचा किंवा कॉलेजच्या प्राध्यापकांचा सही-शिक्क्याचा कागद त्या जागी चालत नाही. फॉर्म 22-अ हा बॉडी बांधणाऱ्यासाठी असतो, तोही आधीच मंजूर असलेल्या चेसिसवर. तो भरून कुणी वेळ घालवू नका.

शिवाय 'वाहन' या सरकारी नोंदणी पोर्टलवर मेक आणि मॉडेल यादीतून निवडायचं असतं, आणि त्या यादीत मंजुरी मिळालेलीच मॉडेल असतात. खिडकीमागचा माणूस "कंपनी कुठली टाकू?" असं विचारतो तेव्हा तो चेष्टा करत नसतो. त्याच्याकडे टाकायला खरंच काही नसतं.

माझा राग आहे तो शेऱ्यावर. अर्ज परत येतो तेव्हा त्यावर लिहिलेलं असतं "कागदपत्रे अपूर्ण". माणसाला वाटतं, अजून एक कागद जोडला की काम झालं. मग ॲफिडेव्हिट, मग इंजिनिअरचं पत्र, मग एजंट. सरळ "या प्रकारच्या वाहनाची नोंदणी होत नाही" असं लिहिलं तर लोकांचे चार हेलपाटे वाचतील, पण तेवढं लिहायला कुणाचा हात उठत नाही. एजंट पैसे घेऊन "करून देतो" म्हणाला, तर तो नेमक्या कुठल्या मॉडेलच्या नावावर करून देणार आहे हे विचारा. दुसऱ्या वाहनाच्या नंबरावर कार्ट फिरवली तर प्रकरण दंडावर थांबत नाही.

आता कायद्यातल्या त्या चार जागा, ज्या वाचून लोक खूश होतात.

पहिली 25 सीसीची. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(28) मध्ये 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन व्याख्येबाहेर ठेवलंय, हे खरं. पण वाक्य पूर्ण वाचा. ही सूट चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाला आहे. कार्टला चाकं चार.

दुसरी 250 वॉट आणि ताशी 25 किलोमीटरची. इलेक्ट्रिक मोटर बसवली की नोंदणी नको, असं बरेच जण मानतात. 250 वॉटपेक्षा कमी शक्ती, 25 च्या आतला वेग, आणि हे मान्यताप्राप्त संस्थेने तपासून प्रमाणित केलेलं असलं तरच ती सूट मिळते. मागच्या ॲक्सलला किलोवॅटची मोटर लावून वेग कंट्रोलरवरून "लॉक" केला, तर त्यात बसत नाही.

तिसरी 14 दिवसांची. कलम 52 मध्ये वाहनातला बदल 14 दिवसांत कळवायचा आहे. लोक याचा अर्थ "आधी करा, मग कळवा" असा लावतात. मुळात तो मंजुरी घेऊन केलेला बदल कळवण्याचा अवधी आहे, आणि तोही आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र असलेल्या वाहनाला. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय. कार्टला तर आरसीच नाही, तेव्हा कलम 52 चा अर्ज करणं म्हणजे जन्मदाखला नसताना नावात बदल मागण्यासारखं आहे.

चौथी व्हिंटेजची. एक काका वडिलांच्या वेळची कार्ट घेऊन या वाटेने निघाले होते. 2021 च्या नियमांत 50 वर्षांहून जुन्या वाहनांची वेगळी नोंदणी आहे, पण ती 50 वर्षं मोजतात पहिल्या नोंदणीपासून. ज्याची नोंदणीच कधी झाली नाही त्याचं वय कागदावर शून्य. शिवाय वाहन मूळ रूपात असावं लागतं. काकांनी इंजिन बदललं होतं.

मग करायचं काय?

कार्ट कुंपणाच्या आत चालवायची. त्याच कलम 2(28) मध्ये केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास प्रकारचं वाहन व्याख्येबाहेर आहे. तुमच्या उपयोगाची सूट ती हीच. मात्र "बंदिस्त" म्हणजे काय यावर अर्धे लोक घसरतात. जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती कलम 2(34) प्रमाणे सार्वजनिक जागा, मग तो हमरस्ता असो वा नसो. सोसायटीचा अंतर्गत रस्ता, मॉलचं पार्किंग, गावाबाहेरचा नवा रिकामा रिंगरोड हे आवार समजू नका. गेट, कुंपण आणि जागामालकाची लेखी परवानगी या तिन्ही गोष्टी हव्यात. परवानगीवर तारीख आणि गट नंबर असू द्या. "मालक ओळखीचे आहेत" हा कागद नव्हे.

बाहेर रस्त्यावर सापडलात तर विनानोंदणी वाहनासाठी कलम 192 खाली पहिल्या वेळी 5,000 रुपयांपर्यंत दंड, विमा नसल्याचा वेगळा, आणि गाडी जप्त ती वेगळीच. सोळा वर्षांच्या मुलाला "जरा गल्लीतून फिरव" म्हणणाऱ्या वडिलांनी कलम 199-अ वाचावं: पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, मुलाला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. हे घाबरवायला लिहीत नाही. कार्टमध्ये बसलेल्या माणसाचं डोकं ट्रकच्या चाकाच्या उंचीवर असतं, ट्रकवाल्याला तो दिसतच नाही. बहुतेक ट्रॅक कार्टना सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, आणि ब्रेक बहुधा फक्त मागच्या ॲक्सलवर एक डिस्क.

आता तो कागद, जो खरंच जपायचा असतो आणि कुणी जपत नाही: इंजिनाचा. बरेच जण भंगारातल्या स्कूटरचं किंवा बाइकचं इंजिन बसवतात. त्या इंजिनाचा नंबर अजून कुणाच्या तरी आरसीवर जिवंत असतो. मूळ मालकाने कलम 55 प्रमाणे नोंदणी रद्द करून घेतली असेल तर त्या पत्राची प्रत मागून घ्या. (वाहन निकामी झाल्यावर कळवायची मुदत तिथेही 14 दिवसांची आहे, ती आणि वरची 14 दिवसांची एकमेकांत मिसळू नका.) ते पत्र नसेल तर निदान जुन्या आरसीची झेरॉक्स, विक्रेत्याचं ओळखपत्र आणि इंजिन नंबर लिहिलेली पावती. रंग देण्याच्या उत्साहात तो नंबर घासून टाकणारेही पाहिलेत. इंजिन चोरीचं नाही हे सिद्ध करण्याचा तुमच्या हातातला एकुलता एक पुरावा तुम्हीच पॉलिश पेपरने पुसलेला असतो. बाहेर देशातून आलेली कार्ट असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, मागा. चार हातांतून फिरलेल्या कार्टची ती बहुधा मिळत नाही, म्हणून पैसे देण्याआधी विचारा.

ट्रॅकवर स्वतःची कार्ट न्यायची तर प्रत्येक ट्रॅकची अट वेगळी, आधी फोन करा. स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचा स्पर्धक परवाना लागतो: वयाचा पुरावा, फोटो, डॉक्टरांचा फिटनेस दाखला, 18 च्या खाली असाल तर पालकांची संमती. ड्रायव्हिंग लायसन्स आहे म्हणून हा नको, असं नाही. आणि हा परवाना वर्षभराचा म्हणजे 31 डिसेंबरपर्यंतचा. ऑक्टोबरमध्ये काढून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत चालेल असं धरून जानेवारीत ट्रॅकवर आलेल्याला परत पाठवताना वाईट वाटतं.

तांत्रिक तपासणीत तुमचे आरसे आणि इंडिकेटर कुणी बघणार नाही, उलट काढायला लावतील. बघतात ते चेनवरचं गार्ड, ब्रेक पेडलपासून मास्टर सिलिंडरपर्यंतच्या रॉडला जोडीची सेफ्टी केबल, चेसिसच्या वेल्डला तडा. भाड्याच्या ट्रॅकवरून काढलेली, चहूबाजूंनी जाड बंपर असलेली कार्ट स्पर्धेच्या वर्गात बसेल अशी आशा ठेवू नका. त्या वर्गांना नियमात बसणारं मंजूर चेसिस लागतं. तुमचं तसं आहे का, हे विकत घेण्यापूर्वी चेसिसवरच्या प्लेटवर बघा.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे ट्रॅकपर्यंत तरी चालवत नेता येईल ना?" नाही. दोरीने ओढतही नाही. छोटा टेम्पो करा, कार्ट चारी बाजूंनी बांधा, पेट्रोलची टाकी रिकामी करा, आणि खरेदीची पावती आणि इंजिनाच्या कागदांची झेरॉक्स ड्रायव्हरजवळ ठेवा. मूळ प्रती घरीच राहू द्या.