चिठ्ठी कशासाठी टाकली होती?

"हापूसच्या आठ कलमांवरून काय कळणार? ती काय जिल्हाभरातून चिठ्ठ्या टाकून निवडलीत?" रत्नागिरीकडे बागेतल्या प्रयोगाचे आकडे मांडले की हा आक्षेप ठरलेला, आणि तो ऐकून प्रयोग करणारा गप्प बसतो. त्याने गप्प बसू नये.

चिठ्ठी टाकून नमुना निवडणं सगळ्यांना ठाऊक आहे: जिल्ह्यातल्या बागांची यादी, तिच्यातून चिठ्ठीने काही बागा, त्यांवरून जिल्ह्याचा अंदाज. त्यात वेळ घालवत नाही.

चिठ्ठी टाकून वाटणी करणं ही वेगळी गोष्ट. समजा, तुमच्या बागेत हापूसची एका वयाची आठ कलमं आहेत. ती तुम्ही कुठून निवडलेली नाहीत, आजोबांनी लावलेली आहेत. आठ चिठ्ठ्या घेतल्या, चारांवर 'संजीवक' (मोहोर यावा म्हणून कलमाला घालतात ते औषध) लिहिलं, चार कोऱ्या ठेवल्या, डब्यात हलवून प्रत्येक कलमाला एक काढली. पावसाळ्यात त्या चार कलमांच्या आळ्यांत संजीवक घातलं. हंगाम संपल्यावर पेट्या मोजल्या. संजीवकाच्या १४, १२, ११, ९. बाकीच्यांच्या १०, ८, ७, ६. बेरीज ४६ आणि ३१.

संजीवकाने काहीच झालं नसेल असं धरू. मग चौदा पेट्यांच्या कलमाला कोरी चिठ्ठी आली असती तरी त्याने चौदाच दिल्या असत्या. म्हणून आकडे जागच्या जागी ठेवायचे आणि चिठ्ठ्या पुन्हा वाटून बघायच्या. आठांतून चार निवडायचे ७० प्रकार होतात, वहीत मावतात. त्यांतल्या फक्त दोनांत बेरीज ४६ किंवा जास्त येते: एक आपला, दुसरा ९च्या जागी १० घेतलेला. ७०त २, म्हणजे सुमारे ०.०२९; नुसत्या चिठ्ठीच्या खेळाने एवढा फरक क्वचितच पडतो. माल वाढेल की घटेल हे आधी ठरवलं नसेल तर उलट बाजूचे दोनही धरा, ७०त ४.

हीच रँडमायझेशन टेस्ट. यात जिल्हा कुठेच आला नाही. हिशेब उभा आहे तो डब्यातल्या चिठ्ठ्यांवर. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३५ साली चहाचं उदाहरण दिलं तेही असंच: आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, चव घेऊन ओळखायचं. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर यायची शक्यता ७०त १. ते आठ कप कुठल्या नमुन्यातले, हा प्रश्नच उद्भवत नाही.

आक्षेपात खरं आहे ते एवढंच, की तुमच्या आठ कलमांवर दिसलेला गुण देवगडच्या कातळावर येईलच असं ही टेस्ट सांगत नाही. आणि ०.०२९ म्हणजे 'निकाल योगायोगाचा असण्याची शक्यता २.९ टक्के' असं कृपा करून लिहू नका. संजीवक निरुपयोगी आहे असं धरूनच तो आकडा काढलाय.

उलटी चूक जास्त घातक. चाळीस बागा अगदी रीतसर चिठ्ठीने निवडल्या, पण संजीवक घालायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवलं होतं. जोमदार कलमं, हाताशी पैसा, पाण्याची सोय, तिथेच ते पडतं. कॉम्प्युटर 'घातलं', 'नाही घातलं' ही लेबलंसुद्धा बिनतक्रार फिरवेल आणि छोटा आकडा काढून देईल. फरक निव्वळ योगायोगाचा दिसत नाही एवढं त्यावरून म्हणता येईल, पण श्रेय संजीवकाला देता येणार नाही. वाटणीची चिठ्ठी कोणी टाकलीच नव्हती.

शेवटचं, पण यावर मी हटून बसतो. चिठ्ठी जशी टाकली तशीच फिरवा. खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावरची दोन, कातळावरची दोन, अशा चार जोड्या लावून प्रत्येक जोडीत एका कलमाला संजीवक दिलं असेल, तर प्रकार १६च, ७० नव्हे. सगळ्या जोड्यांत संजीवक वरचढ ठरलं तरी १६त १, म्हणजे ०.०६२५, याखाली उतरता येत नाही; सहसा मागतात ती ०.०५ची रेषा त्याच्याही खाली आहे. पाच जोड्या असतील तर ३२ प्रकार, आणि ०.०३१पर्यंत जाता येतं. तेव्हा जोड्या लावायच्या असतील तर आणखी दोन कलमं पाऊस सुरू व्हायच्या आधीच हेरून ठेवा.