कॅमरन स्मिथ: वृत्तीचा हिशेब वेगळा, मोलाचा वेगळा

ऑस्ट्रेलियात रग्बी लीग पाहणाऱ्यांत मेलबर्न स्टॉर्म क्लबचा निवृत्त कर्णधार कॅमरन स्मिथचं नाव निघालं की दोन तट पडतात. एक म्हणतो, रेफरीच्या कानाशी लागणारा, खेळ मुद्दाम संथ करणारा माणूस. दुसरा म्हणतो, ४३० सामने, २,७८६ गुण, दोन्ही विक्रम. आणखी काय हवं? दोघे भांडतात एकमेकांशी, पण पहिला बोलतोय वृत्तीबद्दल आणि दुसरा मोलाबद्दल. त्यात दोघांनी पुरावेही चुकीचे धरलेत.

आधी मोल. लीगमध्ये मैदानावर तेरा जण असतात आणि हल्ल्याला सहा टॅकल मिळतात, म्हणजे सहाव्यांदा पकडलं जाईपर्यंत चेंडू त्याच संघाकडे राहतो. पकडला गेलेला खेळाडू उभा राहून पायाने चेंडू मागे सरकवतो आणि तो उचलतो डमी-हाफ. मेलबर्न स्टॉर्मसाठी हे काम हूकर म्हणून स्मिथ करायचा. म्हणजे जवळजवळ प्रत्येक टॅकलनंतर पास, धाव की किक हे त्यालाच ठरवावं लागे. हूकरच्या जागी ऐंशी मिनिटं टिकणारे थोडे. स्मिथच्या काळात संघात सतरा खेळाडू असत, त्यातले चार बेंचवर, आणि २०१६ पासून अदलाबदली फक्त आठ. त्यामुळे अनेक प्रशिक्षक बेंचची एक जागा दुसऱ्या हूकरवर खर्च करतात. स्मिथ बहुधा पूर्ण सामना खेळायचा, म्हणून स्टॉर्मला ती जागा ताज्या दमाच्या फॉरवर्डसाठी, म्हणजे चेंडू घेऊन थेट बचावावर धावून जाणाऱ्या धिप्पाड गड्यासाठी, वापरता यायची. त्याचं खरं मोल इथे आहे, आणि ते कुठल्याही आकडेवारीच्या तक्त्यात दिसत नाही.

तक्त्यात जे दिसतं ते फसवं. २,७८६ गुणांतला मोठा वाटा किकचा. ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं) दुसऱ्याने करायचा, त्यानंतरच्या किकचे दोन गुण स्मिथच्या नावावर. जिंकणाऱ्या संघाच्या किकरचे गुण फुगतातच. टॅकलच्या आकड्याचंही तसंच. हूकर बचावात मधोमध उभा असतो आणि समोरचे धिप्पाड गडी तिथेच धावून येतात, त्यामुळे कुणीही हूकर भरपूर टॅकल करतो. पाहायचंच असेल तर शेवटच्या वीस मिनिटांत किती टॅकल निसटले ते पाहावं. विजेतेपदांचा आकडाही जपून वापरावा. २०१२, २०१७ आणि २०२० ही तीन अधिकृत. सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या एकूण मानधनाची मर्यादा, मोडल्याबद्दल २०१० मध्ये क्लबची २००७ आणि २००९ ची काढून घेतली गेली.

आता वृत्ती. रेफरीशी बोलणं हा स्मिथवरचा सगळ्यात जुना आक्षेप. पण तो कधी बोलायचा ते बघा. पेनल्टी विरुद्ध गेली, फॉरवर्ड धापा टाकतायत, अशा वेळी कर्णधाराने सावकाश खुलासा मागितला की बचावाची रांग लागायला चार-सहा सेकंद मिळतात. हा हिशेब आहे, संताप नव्हे. आवडू नये, हे मान्य. पण त्याला ‘वाईट वृत्ती’ म्हणणं ढिलं निदान आहे. तोल सुटतो तेव्हा काय होतं तेही दिसलं आहे. मार्च २०१८ मध्ये क्रोनुलाविरुद्ध वाद घातल्याबद्दल रेफरी मॅट सेकिनने त्याला सिन-बिनमध्ये, म्हणजे तात्पुरतं मैदानाबाहेर, पाठवलं. संघ दहा मिनिटं बारा जणांवर आला आणि सामना १४-४ असा हरला.

त्याहून महाग पडलं ते २००८ मध्ये. ब्रिस्बेनच्या सॅम थायडेला मान-डोक्याशी आवळून केलेल्या टॅकलबद्दल स्मिथवर दोन सामन्यांची बंदी आली. त्यात ग्रँड फायनल गेली आणि मॅनलीने ती ४०-० जिंकली. टॅकलमध्ये प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर रेंगाळत ठेवायचं, म्हणजे पुढचा चेंडू उशिरा सुटतो, ही स्टॉर्मची शिकवलेली पद्धत होती. पद्धत फायद्याची, पण हात वर सरकला की तिचंच नुकसान होतं. वृत्ती आणि मोल एकमेकांत खरोखर मिसळतात ते अशा जागी.

एरवी वृत्ती पाहायची असेल तर चेंडूपासून दूर पाहावं लागतं: किकमागे कोण धावतं, टॅकलनंतर मार्करच्या जागी (चेंडू मागे सरकवणाऱ्याच्या अगदी समोर) कोण वेळेत उभं राहतं, स्वतःच्या चुकीनंतरचा पहिला टॅकल कोण करतं. कॅमेरा चेंडूमागे फिरतो, म्हणून प्रेक्षक वृत्ती जोखतात ती खेळाडूच्या तोंडावरून.

निवृत्तीच्या बाबतीत मात्र टीकाकारांच्या बाजूने थोडं बोलायला हवं. क्वीन्सलँड आणि ऑस्ट्रेलिया संघांतून तो मे २०१८ मध्ये बाजूला झाला, क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स ही ओरिजिन मालिका तोंडावर असताना. २०२० चा हंगाम संपल्यावरही पुढचं काही बोलला नाही. निवृत्तीची घोषणा झाली १० मार्च २०२१ ला, नव्या हंगामाच्या आदल्या दिवशी. ज्येष्ठ खेळाडू गप्प राहिला की त्याच्या जागेचं आणि कॅपमधल्या पैशांचं नियोजन टांगून राहतं.

शिवाय मोल नेहमी पर्यायाच्या तुलनेत मोजायचं असतं. २०२० मध्ये स्टॉर्मने आपला तरुण हूकर हॅरी ग्रँट वेस्ट्स टायगर्सला उसना दिला, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला. म्हणजे सदतीस वर्षांच्या कर्णधाराच्या जागेची किंमत खरी होती. त्याच वर्षी त्याच कर्णधाराने ग्रँड फायनलमध्ये ट्राय केला आणि स्टॉर्मने पेनरिथला २६-२० हरवलं.

२०२१ मध्ये स्मिथशिवाय स्टॉर्मने सलग १९ सामने जिंकून ईस्टर्न सबर्ब्जच्या १९७५ च्या विक्रमाशी बरोबरी केली, आणि प्रिलिमिनरी फायनलमध्ये, म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीच्या फेरीत, पेनरिथकडून १०-६ हरले. पहिला आकडा एक तट सांगतो, दुसरा दुसरा.